हिरवा निकाल

तुलना अगदी निःपक्षपाती झाली पाहिजे, असं विक्रांतने मला बजावलं, त्याच क्षणी मी ठरवलं की ती तशी होणार नाही.

विक्रांत आमच्या कंपनीचा इंजिनिअरिंग प्रमुख. नोएडाच्या सेक्टर बासष्टमध्ये आमचं ऑफिस आहे आणि आम्ही इस्पितळांसाठी वेबसाइट बनवतो. डॉक्टरची वेळ घ्यायची, रिपोर्ट बघायचे, बिल भरायचं, असली कामं लोक त्यावर करतात. मी तिथे टेस्टिंग सांभाळते. वेबसाइटमध्ये काहीही बदल केला, की तो लोकांपर्यंत जाण्याआधी आमचा एक प्रोग्राम सगळी वेबसाइट माणसासारखी वापरून बघतो. लॉग इन करतो, डॉक्टर निवडतो, बटण दाबतो आणि वेळ खरोखर मिळाली का, हे तपासतो. सगळं नीट झालं तर निकाल हिरवा, नाहीतर लाल. हे सगळं ज्याच्यावर चालतं त्याला फ्रेमवर्क म्हणतात. बहुतेक कंपन्या ते बाहेरून घेतात. आमचं घरचं होतं. त्याचं नाव पडताळा, आणि ते माझ्या जुन्या सहकाऱ्याने, सुधन्वाने लिहिलं होतं.

पडताळ्याच्या आज्ञा मराठीत होत्या. कंपनी सुरू झाली तेव्हा टेस्टिंगमध्ये आम्ही सगळे पुण्याहून आलेलो, आणि सुधन्वाला असल्या गोष्टींची हौस. 'उघड', 'लिही', 'थांब', 'दाब', 'बघ'. पुढे मेरठची, कानपूरची मुलं आली, तीही हेच शिकली. "मॅम, मेरा दाब फेल हो रहा है," असं कोणीतरी जेवणाच्या रांगेत म्हणायचं आणि आम्ही हसायचो. मग त्याचंही हसू येईनासं झालं, इतकं ते अंगवळणी पडलं.

गेल्या दिवाळीनंतर सुधन्वाला स्ट्रोक आला. पन्नाशीही न गाठलेला माणूस. जीव वाचला, पण उजवा हात अर्धा गेला आणि वाचा जवळजवळ सगळी. त्याला समजत सगळं होतं, ओठांवर शब्द येत नव्हता. हळूहळू एकेक शब्द परत येऊ लागले, पण मराठी. इंग्रजी, ज्यात त्याने आयुष्यभर नोकरी केली, ती वाचतानाही तो अडखळायचा. डॉक्टर म्हणाले, असं होतं, एक भाषा आधी येते, दुसरी मागाहून, कधी येतच नाही. मला त्या डॉक्टरांचा फार राग आला होता. खरं म्हणजे त्यांचा काही दोष नव्हता.

तर विक्रांतचं म्हणणं असं होतं. पडताळा राहिला, तर सुधन्वाने अर्धा दिवस ऑफिसला यावं. पडताळ्याच्या आतलं सुधन्वाशिवाय कोणाला नीट कळत नव्हतं आणि त्यातले शब्द त्याला वाचता येत होते. पडताळा गेला, तर बाहेरचं जे काही येईल ते आरपार इंग्रजी, म्हणजे त्याला काम उरत नाही.

"मग एचआरला मी काय सांगू रेवती, तुम्हीच बताओ," विक्रांत म्हणाला. तो दिल्लीत वाढलेला, वडील केंद्र सरकारात. मराठी बोलायला लागला की मध्येच त्याचे शब्द संपतात. माणूस वाईट नाही. पण निर्णय दुसऱ्याच्या गळ्यात घालायची त्याला सवय आहे, आणि तो नेहमी माझाच गळा शोधतो.

बाहेरचं काहीतरी घ्या, हा आग्रह परीक्षितचा. तो मुंबईचा, माझ्याच टीममधला. हुशार आहे, आपण हुशार आहोत हे त्याला ठाऊक आहे, आणि तरीही मला तो आवडतो. त्याने सेलेनियम, सायप्रेस, प्लेराइट अशी सगळी नावं समोर मांडली, एकेक वापरून बघितलं आणि आमच्या कामाला प्लेराइट बरं, असं सांगितलं. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. पडताळा म्हातारा झाला होता, हळू झाला होता, आणि नव्या मुलांना तो शिकवायचा म्हणजे महिना जायचा. पण हे सगळं मला मान्य करायचं नव्हतं.

पंधरा दिवस दोन्ही फ्रेमवर्क शेजारीशेजारी चालवायची आणि मग निवड करायची, असं ठरलं. कशाला किती गुण द्यायचे, हे मी ठरवणार. वेगाला मी कमी गुण ठेवले. टीमला आधीपासून काय येतं, याला भरपूर ठेवले. चाचणीसाठी वेबसाइटच्या त्याच वाटा घेतल्या, ज्यांवर पडताळा कधी चुकत नसे.

"मॅम, हे निकष जरा..." परीक्षितने सुरुवात केली.

"जरा काय?"

"काही नाही," तो म्हणाला आणि लॅपटॉप उचलून गेला. त्याला सगळं कळलं होतं. मला त्याची लाज वाटली नाही, आणि वाटायचं काही कारण आहे असंही मला तेव्हा वाटलं नाही.

त्याच आठवड्यात सुधन्वाच्या बायकोने, वृंदाने, मला दिल्लीत कस्तुरबा गांधी मार्गावरच्या आपल्या राज्याच्या सदनाच्या कँटीनमध्ये बोलावलं. वृंदा एका मंत्रालयात अंडर सेक्रेटरी आहे. जेवणाच्या सुट्टीत ती तिथे आली, थाळी घेतली, आणि ताटातलं काहीच तिने खाल्लं नाही.

"तुमचा तो पडताळा ठेव गं रेवती, काहीही कर," ती म्हणाली. "तो दिवसभर खिडकीशी बसतो. मी ऑफिसमधून आले की माझ्याकडे असा बघतो, की मला लिफ्टमध्येच धडधडायला लागतं. स्पीच थेरपिस्टसुद्धा म्हणाले, याला काम द्या. याच्यासारखी माणसं कामानेच बोलायला लागतात."

"ठेवणार आहे," मी म्हणाले.

"पक्का?"

"पक्का."

तिने माझा हात इतका घट्ट धरला, की शेजारच्या टेबलावरचे लोक बघायला लागले. मी तिला म्हणाले, आधी जेव. मग तिने दोन घास खाल्ले.

पंधरवडा संपत आला तेव्हा माझ्या निकषांप्रमाणे पडताळा चांगला पुढे होता. शुक्रवारी मीटिंग होती. त्याआधीच्या रविवारी सकाळी वृंदाचा फोन आला. आवाज बसलेला होता.

"तो नाही म्हणतोय. ऑफिसला यायचं नाही म्हणतोय. तू ये, प्लीज. माझं ऐकत नाहीये."

ते पूर्व किदवाई नगरला सरकारी क्वार्टरमध्ये राहतात. मी कॅब केली आणि रस्ताभर चिडत गेले. एवढा आटापिटा मी कोणासाठी करत होते? आणि हे साहेब घरी बसून नाही म्हणतात! जाताजाता त्याला झापायची मी सगळी तयारी केली होती.

दार वृंदाने उघडलं. सुधन्वा सोफ्यावर बसला होता, स्वच्छ दाढी केलेला, पण भिंतीकडे तोंड करून. मोबाइल टीपॉयवर पालथा पडलेला. त्याच्या काचेला तडा गेला होता.

काय झालं ते वृंदाने सांगितलं. थेरपिस्टची वेळ आजवर ती स्वतः घ्यायची. शनिवारी ती म्हणाली, तू घे, जमेल तुला. जिथे थेरपी चालते त्या इस्पितळाची वेबसाइट आमच्याच कंपनीने बनवलेली. सुधन्वाने डाव्या हाताने लॉग इन केलं, डॉक्टर निवडला, तारीख निवडली. शेवटचं बटण मात्र त्याला दाबता येईना. दुपारभर तो प्रयत्न करत होता. बोट पुसून बघितलं, बोट बदलून बघितलं, उजव्या हाताचं बोट डाव्या हाताने धरून त्याने दाबून बघितलं. मग त्याने फोन फेकला.

"आणि मला हात दाखवला. असा," वृंदाने पंजा पसरून दाखवला. "आणि म्हणाला, ऑफिस नाही. बटण दाबता येत नाही त्याने ऑफिसात जाऊन काय करायचं, असं त्याच्या मनात असणार. मला कळतं ना सगळं."

मला झापायचं होतं, ते राहून गेलं. मी सुधन्वाच्या शेजारी बसले आणि फोन उचलला. "दाखव बघू कुठलं ते," म्हणाले.

त्याने माझ्याकडे न बघता पान उघडून दिलं. वाचताना दमायला नको म्हणून त्याने वेबसाइटची भाषा मराठी निवडून अक्षरं खूप मोठी करून ठेवली होती. चार ओळींत सगळी स्क्रीन भरत होती. खाली ठसठशीत बटण होतं, 'वेळ निश्चित करा'. त्याच्या खाली आमची नेहमीची राखाडी पट्टी, ही वेबसाइट कुकीज वापरते वगैरे सांगणारी.

मी बटण दाबलं. काही झालं नाही.

परत दाबलं. मग जोरात दाबलं. मग सुधन्वासारखंच बोट ओढणीला पुसून दाबलं.

माझी बोटं ठणठणीत आहेत. मी वीस वर्षं हेच काम करते. काय झालं असणार, हे मला तिसऱ्यांदा दाबेपर्यंत कळलं होतं. अक्षरं मोठी झाली की ती पट्टीही उंच होत होती. तिचा वरचा भाग पारदर्शक होता. बटण दिसत होतं, पण त्याच्यावर न दिसणारी काच पसरली होती, आणि बोट त्या काचेवर आपटत होतं. हे पान उघडून मोठ्या अक्षरांत वेळ घेऊ पाहणाऱ्या कुणालाही ते बटण दाबता येणार नव्हतं.

आणि पुढचंही मला तेव्हाच कळलं. पडताळा या पानाला रोज हिरवा निकाल देत होता.

मी गप्प राहू शकले असते. सोमवारी पान दुरुस्त करून घ्यायला अर्धा तास लागला असता. मग मी फोन करून म्हणाले असते, सुधन्वा, आता परत बघ, आणि बटण दाबलं गेलं असतं, आणि तो ऑफिसला आला असता, आणि पडताळा राहिला असता. वृंदाला दिलेला शब्द मी पाळला असता. फक्त एवढंच, की त्या शनिवारी आपला हात चालला नाही असंच त्याने जन्मभर धरून ठेवलं असतं. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याच्या डोळ्यांत कसलाही प्रश्न नव्हता. आता हीसुद्धा मला समजावणार, एवढंच त्यात होतं. मला ते बघवलं नाही.

"सुधन्वा, हा तुझा हात नाही," मी म्हणाले. "पान बिघडलंय. माझंही दाबलं जात नाहीये. हे बघ."

वृंदा धावत आली. तिने स्वतः दाबून बघितलं. "बघ! बघ, मी सांगत होते तुला!" ती त्याच्या खांद्याला धरून हलवायला लागली. ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. "काल दुपारपासून जीव खाल्लास माझा! जेवला नाहीस!"

सुधन्वा मात्र तिच्याकडे बघत नव्हता. तो माझ्याकडे बघत होता, आणि आता त्याचे डोळे पूर्वीसारखे झाले होते. असा तो बघायला लागला, की ऑफिसात कोणाच्या तरी कोडमधली चूक सापडलेली असायची.

"लॅपटॉप," तो म्हणाला.

"जाऊ दे ना आता," मी म्हणाले. "उद्या बघू."

"लॅपटॉप."

वृंदाने आणून दिला. त्याने डाव्या हाताने, एकेक बटण शोधत, पडताळा उघडला. वेळ घेण्याची चाचणी काढली. स्क्रीन फोनएवढी केली आणि अक्षरं मोठी केली. मी मदत करायला गेले तर त्याने कोपराने मला मागे सारलं. मग चाचणी चालवली. 'उघड' झालं, 'लिही' झालं, 'दाब' झालं, 'बघ' झालं. निकाल हिरवा.

तो 'दाब' या शब्दावर बोट ठेवून बसून राहिला.

त्या 'दाब'ची गोष्ट मला माहीत होती, कारण ती झाली तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत होते. खूप वर्षांपूर्वी एका वेबसाइटवर जाहिराती मध्येमध्ये उड्या मारायच्या, बटणावर यायच्या, आणि आमच्या चाचण्या कधी पास तर कधी नापास व्हायच्या. सगळे वैतागले होते. तेव्हा सुधन्वाने 'दाब' बदललं. स्क्रीनवर ज्या जागी बटण दिसतं तिथे न दाबता, थेट आतून बटणालाच सांगायचं, की तू दाबला गेलास. वर काही असो वा नसो. हे म्हणजे दाराला कुलूप असताना मागच्या भिंतीवरून आत जायचं आणि मालकाला सांगायचं की दार उघडं आहे. पण त्या दिवशी आम्हाला त्यातलं काही दिसलं नाही. लाल निकाल थांबले म्हणून आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या, आणि विक्रांतने समोसे मागवले होते.

"खोटं," सुधन्वा म्हणाला.

"बदलू आपण," मी घाईघाईने म्हणाले. "'दाब' नीट करू. तू ये ऑफिसला, आपण दोघं बसून करू."

त्याने मान हलवली. मलाही ठाऊक होतं. पडताळ्यात शेकडो चाचण्या होत्या आणि सगळ्या त्या 'दाब'वर उभ्या होत्या. ते बदललं की अर्ध्या कोसळणार, आणि प्रत्येक उघडून दुरुस्त करावी लागणार. ते त्यालाच येत होतं.

"कोण?" त्याने विचारलं, आणि आपला एकच हात वर केला.

वृंदा आता आमच्या दोघांच्या तोंडाकडे बघत होती. तिला अजून काही कळलं नव्हतं. ती चहा टाकायला आत गेली, तेव्हा मी आवाज खाली आणला आणि जे बोलायचं होतं ते सरळ बोलले.

"शुक्रवारी हे कोणाला सांगायची गरज नाही. पान उद्या दुरुस्त होईल. पडताळा राहतोय, मी तशी सगळी व्यवस्था केलीय. तू फक्त ये."

त्याने लॅपटॉप मिटला.

"इस्पितळ," तो म्हणाला.

एवढंच. मला पुढचं काही ऐकायची गरज नव्हती. अक्षरं मोठी करून कोण वाचतं? त्याच्यासारखे लोक, म्हाताऱ्या आया, डोळ्यांचं ऑपरेशन झालेले. त्यातल्या किती जणांनी तो फोन बाजूला ठेवून दिला असेल आणि आपल्यालाच जमत नाही असं म्हटलं असेल, हे आमच्यापैकी कोणालाही कधी कळणार नव्हतं. त्यांच्यातलं कुणी आम्हाला तक्रार लिहिणार नव्हतं. वृंदाने आणलेला चहा मी उभ्याउभ्या प्यायले आणि निघाले.

शुक्रवारी तो आला. वृंदाने सुट्टी काढून त्याला आणलं होतं. तो हसतमुख होता, इस्त्रीचा शर्ट घातला होता, आणि तिची समजूत अशी झाली होती, की तो आता कामावर यायला तयार आहे हे दाखवायला आलाय. ती खाली रिसेप्शनला बसली. जाताना तिने मला अंगठा वर करून शुभेच्छा दिल्या. मी मान फिरवली.

"अरे वा, सुधन्वा! वेलकम बॅक यार!" विक्रांत उठून उभा राहिला. खोलीत आम्ही चौघंच होतो. माझी स्लाइड भिंतीवर लावलेली होती, पडताळ्याचे गुण वर, प्लेराइटचे खाली.

सुधन्वाने तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्याने खिशातून फोन काढला, ते पान उघडलं आणि विक्रांतसमोर ठेवला. शुक्रवारी दाखवता यावं म्हणून ते पान दुरुस्तीला देऊ नको, असं त्याने मला रविवारीच खुणेने सांगितलं होतं, आणि मी सोमवारी सकाळी त्याचं न ऐकता ते दुरुस्तीला दिलं होतं. लोकांसाठी ते नीट झालेलं होतं. आमच्या टेस्टिंगच्या प्रतीत मात्र जुनं पान मी त्याच्यासाठी तसंच ठेवलं होतं.

"दाब," सुधन्वा विक्रांतला म्हणाला.

विक्रांतने दाबलं. "अरे, हे हँग आहे काय?" त्याने परत दाबलं, मग फोन हलवून बघितला.

सुधन्वाने लॅपटॉपवर पडताळा चालवला. हिरवा. तो विक्रांतकडे वळवून दाखवला. मग तो परीक्षितकडे वळला आणि हाताने खूण केली. "तुझं."

परीक्षितने आपली चाचणी त्याच पानावर, तेवढ्याच अक्षरांवर चालवली. ती बटणाशी येऊन थांबली, थोडी वाट बघितली आणि लाल झाली. खाली कारण लिहून आलं, की बटण दिसतंय, पण दुसरंच काहीतरी त्याच्यावर आहे आणि दाबणं तिथे अडतंय. पट्टीचं नावसुद्धा त्यात होतं. परीक्षितने ते वाचून दाखवलं नाही. जिंकलेल्या माणसाचा चेहरा त्याला करताच आला नाही, आणि तेव्हापासून तो मला जास्तच आवडायला लागला.

विक्रांतला सगळं कळायला थोडा वेळ लागला. कळल्यावर तो खुर्चीत सरसावून बसला. "लेकिन एक मिनट. मोठ्या अक्षरांवर आपण कधी चालवलंच नाही ना? मग परीक्षितच्या टूलनेही हे पकडलं नसतं. बरोबर?"

तो वाट काढून देत होता. सुधन्वाला ती घेता आली असती. खरं सांगते, त्याने ती घ्यावी असंच मला वाटत होतं.

"नसतं," सुधन्वा म्हणाला. मग त्याचा जबडा हलायला लागला, शब्द येईना. परीक्षित त्याच्या मदतीला तोंड उघडणार होता, मी त्याला डोळ्यांनी गप्प केलं. "पण... विचारलं असतं... तर खरं..."

वाक्य तिथेच थांबलं. आम्हाला ते पुरलं.

"सुधन्वा," विक्रांत हळू म्हणाला, "तुम्हाला पता आहे ना, मग पुढे तुमचं..."

"पता आहे."

मी उठले आणि माझी स्लाइड बंद केली. गुणांचा हिशेब माझा होता, तो खोटा आहे हे मला कोणीही म्हणालं नाही, पण पडताळ्याचा हिरवा निकाल आणि माझी स्लाइड यांत फार फरक नव्हता. "प्लेराइट घेऊ," मी म्हणाले. विक्रांतने मान डोलावली. मग तो सुधन्वाला म्हणाला, "तुमच्यासाठी मी काहीतरी बघतो. प्रॉमिस." आम्ही चौघंही तिथे वर्षानुवर्षं नोकरी केलेली माणसं. त्या वाक्याचा अर्थ काय होतो, हे आम्हाला माहीत होतं.

वृंदाला सगळं मीच सांगितलं, मी गप्प बसायला तयार होते तेसुद्धा. रिसेप्शनला सांगायचा धीर झाला नाही, म्हणून आम्ही तिघं खाली पार्किंगमध्ये गेल्यावर सांगितलं. ती गाडीची किल्ली हातात धरून ऐकत राहिली. तिचा चेहरा आधी पांढरा पडला आणि मग लाल झाला.

"तू शब्द दिला होतास मला," ती म्हणाली.

"हो."

"मग त्याला कशाला सांगितलंस? एका बटणाचं काय घेऊन बसलात तुम्ही लोक? दुरुस्त झालं ना ते? झालं ना दुरुस्त? मग संपलं!" तिचा आवाज चढला, गार्ड वळून बघायला लागला. ती सुधन्वाकडे वळली. "आणि तू! तुझ्यासाठी ही खोटंसुद्धा बोलायला तयार होती, आणि तू स्वतः जाऊन... आता काय करणार आहेस? परत खिडकीत बसणार? मी रोज काय बघायला घरी यायचं, सांग ना!"

तिचं सगळं बरोबर होतं.

सुधन्वाने हात वर केला. थांब, असं नाही. मला बोलायचंय, असं. वृंदा थांबली. मागे एक कॅबवाला हॉर्न वाजवत होता, कारण आम्ही त्याच्या वाटेत उभे होतो, पण आम्ही हललो नाही.

"चूक होती," तो म्हणाला. "माझीच."

"असेल! तुझी असेल, पण..."

त्याने मान हलवली. एवढं मोठं वाक्य तो आजारानंतर अजून बोलला नव्हता, आणि ते जमवताना त्याच्या कपाळाची शीर फुगली. पण आम्ही दोघी मध्ये पडलो नाही.

"आजारी... नव्हतो ना... तेव्हाची. चांगला होतो. तेव्हा केली."

तो हे जवळजवळ अभिमानाने म्हणाला. दिवाळीपासून त्या घरात जे काही सांडलं, फुटलं, अडलं, ते सगळं आजारी सुधन्वाच्या नावावर लागलं होतं. ते बटणही त्याने त्याच्याच नावावर लावून टाकलं होतं. ते त्याचं नव्हतं. ते एका धडधाकट, बोलक्या, हुशार माणसाने केलं होतं, ज्याला सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या, आणि त्या माणसाची चूक आज या माणसाने पकडली होती.

वृंदा त्याच्याकडे बघत राहिली. मग तिने गाडीवर कपाळ टेकलं आणि ती रडायला लागली, आणि सुधन्वा तिच्या पाठीवर हात फिरवत तिथेच उभा राहिला. तो उजवा हात होता. नीट फिरत नव्हता, पण तो फिरवत होता.